ग्वाल्हेरची हवा आणि आपली फुप्फुसे

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत आरोग्य समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सभासदांना सभेला येता आले नाही त्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



या व्यासपीठावरून आजवर मराठी शाळेचे वर्ग, मतदार यादीतून गळालेली नावे, देवस्थानांच्या जमिनी, अशा विषयांवर बोलणे झाले. ते विषय आपले आहेतच आणि त्यांचा पाठपुरावा सुटता कामा नये. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो केवळ मराठी माणसाचा नाही. हवा नाकात शिरताना कोणाची मातृभाषा विचारत नाही. तरीही तो याच सभेत मांडायला हवा, असे आमच्या समितीला वाटले. त्याचे कारण आधी सांगतो.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि लश्कर वसले. फौजेबरोबर सरदार आले, कारकून आले, शास्त्री-भिक्षुक आले. चिटणीसांची गोठ, दाणाओळी, पाटणकर बाजार, फालके बाजार, महाराज बाड्याचा परिसर, ही आपली वस्ती. तेव्हा हा भाग शहराचे मानाचे ठिकाण होता. आज तो शहरातला सर्वांत दाटीचा भाग आहे. गल्ल्या घोड्यांच्या आणि मेण्यांच्या मापाच्या, आणि त्यांतून जातात टेम्पो, लोडिंगच्या गाड्या, मोटारसायकली. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्यामुळे धूर वर निघून जायला वाट नाही. आणखी एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आपली तरुण मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात. वाड्यात राहिले आहेत आजी-आजोबा, आणि सुट्टीत येतात ती नातवंडे. म्हणजे हवेचा त्रास ज्या दोन वयांना सर्वांत जास्त होतो तीच दोन वये आपल्या घरांत उरली आहेत. आपल्या समाजापुरता हा प्रश्न म्हणूनच अधिक टोचणारा आहे.

आता थोडा इतिहास, फार जुना नाही. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या शहरांच्या हवेची यादी प्रसिद्ध केली. त्यात दिल्ली आणि पाटण्याच्या खालोखाल ग्वाल्हेर होते. २०१६ च्या यादीत आपण आणखी वर सरकलो. इराणमधल्या झाबोलनंतर जगात दुसरा क्रमांक ग्वाल्हेरचा लागला. अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम, आणि दिल्लीची १२२. त्या वेळी शहरात दोन प्रकारची माणसे दिसली. काही हादरले. काही म्हणाले, हे आकडेच चुकीचे, तानसेनाच्या नगरीला बदनाम करण्याचा हा उद्योग आहे. मोजणीची केंद्रे तेव्हा थोडी होती आणि आकडे त्याआधीच्या काही वर्षांचे होते, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पुढे केंद्रे वाढली, आकडे खाली आले आणि आज ग्वाल्हेर त्या यादीच्या शेंड्यावर नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे. पण शेंड्यावरून खाली येणे वेगळे आणि हवा श्वास घेण्याजोगी होणे वेगळे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम सुरू केला, तेव्हा मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत मध्य प्रदेशातली भोपाळ, इंदूर, उज्जैन, देवास, सागर यांच्याबरोबर ग्वाल्हेर होतेच.

मर्यादा म्हणजे काय, हेही सांगतो. २००९ मध्ये आपल्या देशाने जे मानक ठरवले त्यानुसार अतिसूक्ष्म कणांची, ज्यांना पीएम २.५ म्हणतात त्यांची, वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जरा मोठ्या कणांची, म्हणजे पीएम १० ची, ६० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक पातळी आणखी खाली आणली, पीएम २.५ साठी केवळ ५ आणि पीएम १० साठी १५. पीएम २.५ साठी आपली सरकारी मर्यादा त्या पातळीच्या आठपट आहे. तीसुद्धा आपल्याला जड जाते.

हे कण छातीत गेल्यावर करतात काय? यावर थोडा जास्त वेळ घेणार आहोत. कारण 'धूळ आहे, ग्वाल्हेरला धूळ असतेच, आमचे आजोबा याच धुळीत नव्वद वर्षे जगले' हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकतो.

माणूस दिवसाला साधारण दहा ते बारा हजार लिटर हवा आत घेतो. आपण पाणी गाळून पितो, भाजी तीनदा धुतो, दूध उकळतो. हवा मात्र जशी असेल तशी घेतो. निसर्गाने त्यासाठी गाळण्या ठेवल्या आहेत. नाकातले केस आणि ओलसर अस्तर मोठे कण अडवतात. ते चुकवून पुढे गेलेले कण श्वासनलिकेतल्या चिकट द्रवात अडकतात. त्या नलिकांना आतून अतिशय बारीक केसांची लव असते. ही लव सतत वरच्या दिशेने हलते आणि अडकलेला मळ घशाकडे ढकलत राहते. सकाळी आपण खाकरून जो कफ टाकतो तो या रात्रपाळीच्या कामाचा हिशेब असतो. आंधीतली जाड धूळ बहुतेक अशीच बाहेर पडते. आजोबांच्या काळची धूळ मुख्यतः ही होती, मातीची.

पण पीएम २.५ म्हणजे मायक्रॉनच्या मापात अडीचपेक्षा लहान कण. माणसाचा केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याच्या पंचवीस-तीस पट बारीक. डिझेलचा धूर, जळता कचरा, कोळसा, लाकूड, शेतातला पेंढा, यांच्या ज्वलनातून तो येतो. हा कण नाकाला आणि लवेला चुकवून थेट तळाशी, वायुकोशांत पोचतो. आपल्या दोन्ही फुप्फुसांत असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश आहेत. ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे एक बऱ्यापैकी फ्लॅट. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तेथे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. एवढा पातळ असतो म्हणूनच प्राणवायू रक्तात उतरतो.

तेथे लव नाही. तेथे सफाईचे काम काही विशिष्ट पेशी करतात, कण गिळून टाकतात. कण थोडे असले तर काम निभते. रोजच ढिगाने आले तर या पेशी दाह निर्माण करणारी रसायने सोडू लागतात. श्वासनलिकांना आतून सूज येते, द्रव वाढतो, लव झडू लागते, नळ्या अरुंद होतात. ज्याला दम्याची प्रवृत्ती आहे त्याचा दमा उफाळतो. वर्षानुवर्षे हेच चालले तर वायुकोशांच्या भिंती विरतात आणि छोटे छोटे कोश मिळून मोठे पोकळ फुगे होतात. हवा आत जाते, पण सहज बाहेर पडत नाही. याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. एकदा विरलेली भिंत पुन्हा बांधली जात नाही. औषधाने उरलेले टिकवता येते, गेलेले परत येत नाही.

सिगारेट न ओढणाऱ्याला हा आजार होत नाही, असा आपल्याकडे समज होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका सहलेखकासह लेख लिहून हा समज मोडून काढला. सिगारेटला कधी न शिवलेल्या माणसांनाही सीओपीडी होतो. चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ आणि बाहेरची हवा ही त्याची कारणे. आपल्या घरातल्या कितीतरी आज्या, ज्यांनी आयुष्य चुलीपुढे आणि पहाटे बंबात गोवऱ्या घालण्यात काढले, त्यांच्या धापेला आपण 'वय झाले' म्हणून सोडून दिले. ते फक्त वय नव्हते.

आणि कर्करोग. ऑक्टोबर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर याच गटात आहे. डिझेलचा धूर तर त्याच्या वर्षभर आधी, जून २०१२ मध्येच, त्या गटात गेला होता.

मुलांबद्दल थोडे वेगळे सांगितले पाहिजे. फुप्फुसे जन्मतः पूर्ण नसतात. विशीपर्यंत, काहींची पंचविशीपर्यंत, ती वाढत असतात. त्यानंतर दरवर्षी थोडीथोडी ताकद कमी होत जाते. निरोगी माणसाचीही होते. विशीत जेवढी शिल्लक जमली तिच्यावर सत्तरी काढायची असते. आपण बँकवाल्यांचा, लेखापालांचा समाज. आम्हाला जास्त समजावायला नको. जमा होण्याच्या वयातच खाते कमी भरले तर पुढे काय होणार?

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात बारा गावांतल्या मुलांची दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तपासणी झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत दूषित हवेच्या गावात अठराव्या वर्षी फुप्फुसाची क्षमता ठळकपणे कमी असलेली मुले सर्वांत स्वच्छ गावाच्या तुलनेत जवळजवळ पाचपट होती. ही मुले आजारी म्हणून तपासलेली नव्हती. शाळेत जाणारी, खेळणारी मुले होती. आपल्याकडे कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतल्या शाळकरी मुलांची अशीच पाहणी केली होती. तिच्यात दिल्लीच्या शंभरांतल्या ४३-४४ मुलांची फुप्फुसे कमी क्षमतेची आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण मुलांत हे प्रमाण २६ च्या आसपास होते.

कॅलिफोर्नियाच्या गोष्टीचा पुढचा भाग लोक सांगत नाहीत, आणि आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो. तेथे गाड्यांचे, इंधनाचे, कारखान्यांचे नियम कडक झाले आणि हवा सुधारली. त्याच भागात नंतर जन्मलेल्या मुलांची तपासणी केली तेव्हा पंधराव्या वर्षी कमी क्षमता असलेल्यांचे प्रमाण जवळजवळ आठ टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या घरात आले होते. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नियम बदलले की मुलांची छाती बदलते, असे मोजून दाखवलेले आहे. म्हणून हा विषय दवाखान्याइतकाच महापालिकेचा आणि विधानसभेचा आहे, असे आम्ही म्हणतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्याच युटा राज्याचे. तेथल्या एका खोऱ्यात पोलादाचा कारखाना होता. ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ तो बंद राहिला. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयातल्या नोंदी काढल्या, तर कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकाराने दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. हे उदाहरण ग्वाल्हेरमध्ये जपून द्यावे लागते. बिर्लानगरची जे. सी. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली तेव्हा चिमणीचा धूर थांबला तशा हजारो घरांतल्या चुलीही थांबल्या. आपल्यातली कितीतरी कुटुंबे त्या मिलच्या पगारावर वाढली. कारखाने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी आमच्या तोंडी तसे घालू नये. धुराला गाळणी लावा आणि ती चालू ठेवा, एवढेच म्हणणे आहे.

मग आपल्या शहरात हे येते कुठून? काही भाग निसर्गाचा. राजस्थानच्या बाजूने उन्हाळ्यात आंधी येते, आजूबाजूच्या टेकड्या उघड्या आहेत, पाऊस चारच महिने. हिवाळ्यात जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर भांड्यावर झाकण ठेवावे तसा खालीच कोंडतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी किल्ला दिसत नाही, आपण 'काय धुके आहे' म्हणतो. त्यातले सगळे धुके नसते. काही भाग पुढाऱ्यांना दिसत नाही असा: बिलौआच्या बाजूच्या काळ्या दगडाच्या खाणी आणि गिट्टीचे क्रशर, डबरा-भितरवार पट्ट्यात धान निघाल्यावर पेटवलेला पेंढा. पेंढा म्हटले की सगळे पंजाबकडे बोट दाखवतात. २०२४ च्या खरीप हंगामानंतर उपग्रहाने टिपलेल्या आगींत मध्य प्रदेशची संख्या पंजाबपेक्षा जास्त होती. १६ हजारांवर आपल्या, सुमारे ११ हजार त्यांच्या. शेतकऱ्यालाच दोषी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. धान आणि गहू यांच्यामध्ये त्याला थोडेच दिवस मिळतात, आणि यंत्राचे भाडे परवडत नाही. यंत्रे गावात वेळेवर पोचतात का, हे विचारायला हवे.

आणि राहिलेला भाग रोजचा. खोदून ठेवलेले रस्ते, न झाकता नेलेली रेती, उन्नत रस्त्याच्या बांधकामाची धूळ, वाहने, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा. कचऱ्यात आता प्लास्टिक असते, आणि त्याचा धूर हा सर्वांत वाईट धुरांपैकी एक. राष्ट्रीय हरित अधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. आपल्या गल्लीत पहाटे झाडूवाला कचरा पेटवतो तेव्हा ही भरपाई कोणाकडून घ्यायची? त्याच्याकडून? त्याला गाडी वेळेवर दिली नाही त्याच्याकडून घ्यायला हवी, असे आमचे मत आहे.

आता पैशाचे. हा भाग नीट ऐकावा. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांना हवेच्या सुधारणेशी जोडलेले अनुदान दिले. मध्य प्रदेशातली अशी चार शहरे, इंदूर, भोपाळ, जबलपूर आणि ग्वाल्हेर. म्हणजे हवेसाठी पैसा आला. तो गेला कुठे? दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये देशभराचा हिशेब मांडला. स्वच्छ वायू कार्यक्रमाच्या खर्चातला ६४ टक्के वाटा एकट्या रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता. कारखान्यांच्या धुरावर एक टक्कासुद्धा नाही. पाण्याचे फवारे आणि झाडणारी यंत्रे दिसायला चांगली दिसतात, त्यांच्या उद्घाटनाचे फोटो निघतात. मातीची धूळ त्यांनी बसते, हे खरे. पण वायुकोशापर्यंत जाणारा धूर त्यांनी अडत नाही. आपण आत्ता पाहिले की जास्त घातक कोणता.

इंदूरचे उदाहरण येथे हमखास येते. आपल्या इंदूरच्या मंडळींचा अभिमान रास्त आहे. २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात मोठ्या शहरांत इंदूर पहिले आले. मात्र हे गुण बऱ्याच अंशी कोणती कामे केली यावर असतात. हवेतले आकडे हा त्यातला एक भाग. रस्ता स्वच्छ असणे आणि हवा स्वच्छ असणे ही दोन वेगळी कामे आहेत. एक झाले की दुसरे आपोआप होत नाही. तरीही घराघरांतून वेगळा केलेला कचरा रोज उचलला गेला तर तो जाळावा लागत नाही. हा इंदूरचा धडा घेण्यासारखा आहे आणि त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

दिल्लीवरून आठवले. दिल्लीच्या हवेसाठी संसदेने २०२१ मध्ये कायदा करून आयोग नेमला. त्याच्या कक्षेत दिल्लीचा परिसर आणि लगतच्या हरियाणा, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातले भाग घेतले. मध्य प्रदेश नाही. चंबळच्या पलीकडे धोलपूर, आग्रा आहे आणि अलीकडे मुरैना, ग्वाल्हेर. वाऱ्याला नदीवर चौकी लागत नाही. आपण दिल्लीपासून सव्वातीनशे किलोमीटरवर आहोत, त्या बाजूचा वारा आपल्याकडे येतो, पण उपाययोजनेच्या नकाशात आपण नाही. खासदारांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणखी एका वर्गाबद्दल बोललो नाही तर ते बरे होणार नाही. आपले जुने वाडे ज्या दगडात उभे आहेत, तो दगड घडवणाऱ्यांच्या छातीत सिलिकाची धूळ बसते. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि क्षय त्याच्या पाठोपाठ येतो. आपल्याच राज्यातल्या झाबुआ-अलीराजपूर-धारचे आदिवासी गुजरातेतल्या दगड दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि ऐन तारुण्यात गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला लावले. राजस्थानने २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण केले, त्यात तपासणी आणि मदत दोन्ही आहेत. आपल्या आमदारांनी ते वाचावे.

घरात काय करायचे, हे सभासद नेहमी विचारतात. डासांची कॉइल बंद खोलीत लावू नका. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले. मच्छरदाणी पुन्हा काढा. देवापुढची उदबत्ती बंद करा असे म्हणण्याचे धाडस आम्ही करत नाही, पण खिडकी उघडी असावी. दिवाळीत मुलांच्या हाती सापाची गोळी अगदी निरुपद्रवी म्हणून देतात. पुण्यात २०१६ मध्ये फटाक्यांची मोजणी झाली तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण याच गोळीतून निघाले होते. हिवाळ्यात पहाटे पाचला फूलबागेत फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी ऊन चढल्यावर जावे. धुराचे झाकण तोवर थोडे उचलले जाते. तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक कण नाही. त्यासाठी एन-९५ चाच मास्क हवा आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला. आणि कृपा करून इन्हेलरची लाज सोडा. 'एकदा पंप लागला की सुटत नाही' या समजापायी कितीतरी जण तो वेळेवर घेत नाहीत आणि मग मध्यरात्री प्राणवायू शोधत धावपळ होते. गोळीने सगळ्या शरीरात जाणारे औषध पंपाने थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते, एवढाच फरक आहे.

पण मास्क आणि मच्छरदाणीवर हा विषय मिटला असता तर तो आम्ही या सभेत आणला नसता. समितीने कार्यकारिणीपुढे जे ठेवले आहे ते सांगतो. माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे अर्ज करायचा: वित्त आयोगाच्या आणि स्वच्छ वायू कार्यक्रमाच्या निधीतून वर्षानुवर्षे किती रक्कम आली, कोणत्या कामावर खर्च झाली, लश्करच्या जुन्या प्रभागांत त्यातली किती. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. बाड्याच्या परिसरात हवेचे आकडे दाखवणारा फलक लोकांना वाचता येईल अशा जागी लावावा, ही दुसरी मागणी. प्रत्येक सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजण्याचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस असावा, ही तिसरी. रक्तदाब आणि साखर तेथे मोजतात; श्वास कोणी मोजत नाही. आणि पुढच्या निवडणुकीत मंडळाच्या मंचावर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, चंबळच्या अलीकडच्या भागाला दिल्लीच्या आयोगाच्या कक्षेत घेण्याबद्दल लेखी मत मागायचे. नुसते हार घालून परत पाठवायचे नाही. यावर कार्यकारिणीत मतभेद झाले. मंडळाने राजकारणापासून दूर राहावे, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे पडले. आम्हाला त्यांचा आदर आहे, पण महापालिकेचा खर्च विचारणे हे पक्षाचे राजकारण नव्हे.

अर्जाचा मसुदा हिंदीत तयार आहे आणि बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. सही करताना प्रभाग क्रमांक जरूर लिहावा, त्याशिवाय नगरसेवक दाद देत नाहीत. घरात दम्याचा किंवा धापेचा रुग्ण असेल तर शेवटच्या रकान्यात नाव न लिहिता फक्त वय लिहावे. मुरार आणि थाटीपूरच्या सभासदांसाठी वेगळा कागद आहे.